खांद्यावरचा पट्टा

ड्रिलचा आवाज आला तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात होती आणि आबा न्हाणीघरात. वहिनीने हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि मनात म्हणाली, आता सासरेबुवा टॉवेलवरच बाहेर येणार. तसंच झालं. डोक्याला साबणाचा फेस, अंगावरून पाणी ओघळतंय, आणि आवाज मात्र खणखणीत.

"माझ्या गाडीत कोण शिरलंय?"

सीटवाल्यांचं, म्हणजे गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या या कुटुंबाचं, घर कारखान्याच्या मागेच. मधे फरशी घातलेली मोकळी जागा आणि त्या जागेत आबांची जुनी गाडी, चारही दारं उघडी टाकून उभी. मागच्या सीटवर गुडघे टेकून फिटर बसला होता आणि ड्रिल हवेतच गुरगुरवून बघत होता. त्याने अजून कशाला टोकही लावलं नव्हतं. तरी आबांना बघताच त्याने मशीन पाठीमागे लपवलं.

"आबा, मला ताईंनी बोलावलं," तो म्हणाला. संकटात माणूस पहिल्यांदा दुसऱ्याचं नाव घेतो.

ताई गाडीच्या पलीकडे उभी होती. तिच्या पायाशी खोकं होतं आणि खोक्यात दोन नवेकोरे काळे पट्टे, ओढले की बाहेर येणारे आणि सोडले की सरसर डबीत जाणारे. तिची लेक भिंगरी, वय वर्षं आठ, आपल्या बूस्टरवर, म्हणजे गाडीत लहान मुलांना उंच करणाऱ्या बैठकीवर, फरशीतच बसली होती. पुढे काय होतं ते बघायला ही जागा उत्तम आहे हे तिला कळलं होतं.

आबांनी लेकीकडे बघितलं नाही. ते सुनेकडे वळले. "तिला विचार, कुणाच्या परवानगीने?"

"वहिनी, त्यांना सांग," ताई म्हणाली, "की काल माईला विचारलं होतं."

"मला विचारलं नव्हतं, मला सांगितलं होतं," कारखान्याच्या दारातून शिलाई मशीन न थांबवता माई, म्हणजे ताईची आई, म्हणाली. "मी हूं म्हटलं. हूं म्हणजे होय नव्हे."

वहिनीने दोन्हीकडे बघून सुस्कारा सोडला. बापलेकीचं बोलणं बंद झाल्यापासून या घरात तिची नेमणूक पोस्टमन म्हणून झाली होती. पगार नाही, सुट्टी नाही, वर पत्रात काय लिहिलंय त्याबद्दल दोन्हीकडून शिव्या.

बोलणं बंद झालं ते गेल्या हिवाळ्यात आणि तेही या गाडीवरूनच. गाडीत मागे फक्त पोटावर बांधायचे पट्टे होते. ताईने सांगितलं होतं, मागे खांद्यावरून येणारा पट्टा असल्याशिवाय भिंगरी या गाडीत बसणार नाही, कारण बूस्टर नुसत्या पोटपट्ट्याबरोबर वापरायचं नसतं.  आबांनी आठवडाभर कारखान्याचं दार लावून घेतलं आणि खांद्याचा पट्टा स्वतः शिवला. रुंद निवार, वर रेक्झिन, कडेने दुहेरी टाका. असा देखणा की गिऱ्हाइकं थांबून बघायची. आणि तो त्यांनी सीटच्या पाठीला जाड दोऱ्याने शिवून टाकला. सीटवाल्यांना जगातली कुठलीही अडचण शिवून सुटते असं वाटतं, त्याला आबा तरी काय करणार!

ताई आली, तिने पट्टा बघितला, गाडीच्या दाराच्या उंबऱ्याला पाय लावला आणि एक हिसका दिला. पट्टा फोमच्या तुकड्यासकट हातात आला.

"सीटला शिवलात आबा, गाडीला नाही," ती म्हणाली होती. चार गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यातलं एक हसलं.

तेव्हापासून अबोला. ताईच्या मनात आलं होतं की माफी मागावी, पण पट्टा तुटला याची कशी माफी मागायची? तुटायचाच होता तो. आबांच्याही मनात आलं होतं की लेक खरं बोलली, पण ते मनात येताच त्यांना त्या गिऱ्हाइकाचं हसू आठवायचं.

आणि आता मोठ्या आत्याचा ऐंशीवा वाढदिवस आला होता. आबांची ही थोरली बहीण दिवसभराच्या रस्त्यावर राहायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावल्यावर आबांनी जाहीर करून टाकलं होतं की बहिणीकडे ही शेवटची फेरी, मग किल्ली खुंटीला. पुढे माई, मागे लेक आणि नात, असं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं. ताईने निरोप पाठवला, आम्ही आमच्या गाडीने येऊ. निरोप ऐकून आबा नुसतं गाडी पुसायला गेले. वहिनीने ते सांगितलं तेव्हा ताईने फिटरला बोलावलं. निघायचं उद्या सकाळी होतं.

"मशीन खाली ठेव," आबा फिटरला म्हणाले. "माझ्या गाडीला भोक पडणार नाही."

"आबा, खालचे नट आहेतच, पोटपट्ट्यांचे. तेच वापरायचे. फक्त वरचा एकेक हवा. मागच्या काचेच्या कडेला हा खांब आहे ना, त्यात. भोक पाडायचं, आतून जाड पत्रा लावायचा, नट वेल्ड करायचा. पातळ पत्र्यात नुसता बोल्ट घालून चालत नाही, ओढ बसली की उपटून येतो."

"म्हणजे भोकही पाडणार आणि जाळणारही!"

ताईचा भाऊ दादा हातातला रेक्झिनचा तागा तसाच घेऊन बाहेर आला. तो कारखाना चालवायचा आणि कारखाना चालवताना वडिलांना न चिडवण्याची कला शिकला होता. "ताई, गाडी आपली जाहिरात आहे गं. लोकांना हीच उघडून दाखवतो आपण. हे अस्तर बघ, एवढ्या वर्षांत एक टाका सुटला नाही. तू तुझ्या गाडीने ये ना, बिघडलं काय?"

"तुम्हा लोकांना अस्तर प्यारं. पोर गेली खड्ड्यात!"

"तुम्हा लोकांना म्हणजे?" आतापर्यंत नणंदेच्या बाजूने असलेली वहिनी एकदम ताठ झाली. "ताई, मी सकाळपासून तुमची वकिली करतेय. मी कुठल्या लोकांत ते आधी सांगा. नाहीतर आजपासून टपाल बंद."

भिंगरी खुदकन हसली. बाकी कुणी हसलं नाही.

ताई गाडीला टेकली. तिला ओरडायचं होतं, पण ओरडण्याचं बळ संपलं होतं. ती बोलली ती दादाशी, हळू आवाजात.

"दादा, मी दिवसभर काय करते माहीत आहे ना तुला? एक्स-रे काढते. मध्यंतरी एक मुलगा आणला होता. भिंगरीएवढाच. मागच्या सीटवर होता, पोटावरचा पट्टा लावलेला. गाडी समोर आपटली. त्याची आई सगळ्यांना एकच सांगत होती, पट्टा होता हो, आम्ही पट्टा लावला होता. खोटं नव्हतं ते. पट्ट्याने कमरेला धरलं आणि वरचं अंग पुढे दुमडलं. मणका कुठे गेला ते मीच आधी बघितलं, डॉक्टरांच्याही आधी. मग घरी आले आणि हिला जेवायला वाढलं. ही जेवत होती आणि मी हिची पाठ चाचपत बसले होते."

माईचं मशीन थांबलं होतं. आबा फेसाच्या डोक्याने तसेच उभे होते. हे आपल्याला सांगितलेलं नाही हे त्यांना कळत होतं, आणि आपल्यालाच सांगितलंय हेही.

दादाने तागा खाली ठेवला. "आबा, पाडू द्या भोक."

"तूसुद्धा?"

"हो, मीसुद्धा. उद्या सीट कव्हरं कमी खपली तर बघू."

आबांनी टॉवेलचं टोक डोक्यावरून फिरवलं. माघार घ्यायची तर ती थोडी थोडी घ्यायची, हा त्यांचा जुना खाक्या. "पत्र्याला काय करायचं ते करा. पण अस्तराला हात लावायचा नाही."

"अस्तर न काढता खांब कसा दिसणार?" फिटर काकुळतीला आला. "आणि खरं सांगू का, या सालातल्या काही गाड्यांत कंपनीनेच सोय ठेवलेली असायची. आत नट वेल्ड केलेला, वर प्लॅस्टिकचं बूच. पट्टे तेवढे दिलेले नसायचे. असलं तर भोकच पाडायला नको. पण आधी उघडून बघायला हवं."

"काही नव्हतं तसलं. मी बघितलं असतं."

"कधी बघितलं असतंत?" दारातून माई म्हणाली.

 गाडी घरी आली त्याच आठवड्यात तिला झाकायला घेतली होती. या घरात उघडं काही राहतच नाही. रिमोटला कव्हर, मिक्सरला कव्हर, पाण्याच्या पिंपाला कव्हर, आणि भिंगरीच्या फूटपट्टीलासुद्धा कुणीतरी झालर लावून दिली होती. नव्या गाडीचा उघडा खांब बघत बसायला इथे सवड कुणाला होती?

माई उठली. तिच्या एका हातात टाके उसवायचं ब्लेड होतं. ती फिटरला म्हणाली, "सरक," आणि गुडघे दुखत असताना मागच्या सीटवर चढली.

"अगं!" आबा दोन पावलं पुढे आले. "मला विचार तरी!"

"शिवताना विचारलं नव्हतं, उसवताना कशाला विचारू? या बाजूचे टाके माझे आहेत. माझे मी उसवते."

आणि तिने पहिला टाका कापला.

तिला वाटलं होतं, रडू येईल. हे अस्तर घातलं तेव्हा दादा पोटात होता. तिला दारातून नीट आत शिरता येत नव्हतं, आबा आतून रेक्झिन ताणून धरायचे आणि ती बाहेरून वाकडी सुई घालायची, आणि दोघंही मधूनच कशावरून तरी हसत सुटायचे. मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं, पहिली गाडी आली होती, सगळंच पहिलं होतं. पण ब्लेड चालू लागलं आणि रडू आलंच नाही. कुठला टाका जीव लावून घातलेला, कुठे घाई केलेली, ते तिला बोटांनी कळत होतं आणि मजा वाटत होती. वरची कड सुटली. रेक्झिन मागे दुमडलं. खाली जुना पिवळा कापूस, कापसाखाली पत्रा. तिने पत्र्यावरून तळवा फिरवला आणि थांबली.

"इथे बटण आहे."

"बटण कुठलं?" फिटर आत घुसला. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं, टक् करून काळं बूच उडालं आणि खाली पडलं. मागे भोक होतं. गोल, स्वच्छ, आत आटे चकाकत होते. फिटरने खोक्यातला बोल्ट घेतला आणि नुसत्या बोटांनी फिरवला. बोल्ट गरगर आत गेला, जसा काही कालच कुणी त्याच्यासाठी ते भोक करून ठेवलं होतं.

"बसला!" तो ओरडला. "कंपनीचाच आहे! बसला!"

भिंगरी बूस्टरसकट उठली. दादाने टाळी वाजवली. वहिनीने ताईच्या दंडाला चिमटा काढला, आणि 'तुम्हा लोकांना' चा हिशेब तिथेच मिटला.

"म्हणजे इतकी वर्षं जागा होती," ताई म्हणाली. "आपणच झाकून टाकली."

"सुबक झाकली पण," माई म्हणाली.

उजवी बाजू आबांची. तिथे शिवण नव्हतीच. त्या वेळी सगळं उरकून टाकायच्या घाईत आबांनी अस्तर सोल्युशनने चिकटवलं होतं, आणि चिकटवलं होतं ते आबांनी, म्हणजे डबा रिकामा होईपर्यंत. दादाने जोर लावून ते सोलून काढलं. खाली भोक होतं, पण बूच कधीच निघून गेलेलं, आणि भोकात कडेपर्यंत सोल्युशन, सुकून दगड झालेलं. बोल्टचं टोकसुद्धा शिरेना.

"मी तेव्हाच सांगत होते, टाके घाला," माई म्हणाली.

"मारतो ड्रिल," फिटरने मशीन उचललं. "एका मिनिटात मोकळं करतो."

"खबरदार!" आबांचा आवाज असा आला की फिटरच्या हातातलं मशीन खाली गेलं. "आटे खाऊन टाकशील. मग राहिलं काय? नुसतं भोक! बाजूला हो. आणि मला सदरा-लेंगा आणा कुणीतरी."

सदरा-लेंगा आला, आबांनी चढवला. डोक्यावरचा साबण आता वाळून पांढरा झाला होता, ते कुणाला सांगायचा धीर झाला नाही. आबा मागच्या सीटवर चढले. स्वतःच्या हातचं सोल्युशन कशाने मऊ होतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. थिनरमध्ये बुडवलेला बोळा त्यांनी भोकावर दाबून धरला, बराच वेळ. मग वाकडी सुई घेतली आणि कडेकडेने कोरायला लागले. तांबूस चिकट धागे निघू लागले. कोरायचं, पुसायचं, पुन्हा बोळा धरायचा. फिटर दाराशी उकिडवा बसून बघत होता. बाकीचे सगळे दाराशी गोळा झाले होते, कारण हे आटे गेले असते तर वेल्डिंग करावंच लागलं असतं, आणि उद्या सकाळपर्यंत ते होणार नव्हतं.

"दिसत नाही नीट," आबा पुटपुटले. "बॅटरी धरा कुणीतरी."

ताई पलीकडच्या दाराने आत शिरली आणि तिने बॅटरी धरली.

"वर."

"इथे?"

"अजून वर. हात हलवू नकोस."

"हलवत नाही आबा, तुमचं डोकं मधे येतंय."

"मग डोकं काढून ठेवू का?"

"जरा डावीकडे घ्या. हां. आता दिसतंय का?"

"दिसतंय."

वहिनीने दादाच्या पायावर पाय दिला. दादाला काही कळेना. तिने डोळ्यांनी गाडीकडे खूण केली, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो तोंड उघडणार तेवढ्यात तिने पुन्हा पाय दिला, या वेळी जोरात. अशा वेळी बोलणाऱ्याला घरातून हाकलून दिलं पाहिजे, असं तिचं मत होतं. आत दोघांना पत्ताही नव्हता. दोघांच्या नाकाला थिनरचा वास, दोघांची डोकी एकाच भोकाशी.

"टॅप द्या," आबांनी हात मागे केला. फिटरने आटे साफ करायचा टॅप त्यांच्या हातात ठेवला. आबांनी तो टेकवला, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पुन्हा पुढे. करकर आवाज आला. भोकातून तांबूस चुरा गळला. मग एकदम टॅप सैल झाला आणि सरळ आत गेला.

"बोल्ट," आबा म्हणाले.

बोल्ट ताईने दिला. त्यांनी घेतला नाही. ते बाजूला सरले. "तू लाव. बोटं बारीक आहेत तुझी."

ताईने बोल्ट लावला आणि फिरवला. तो आत जात राहिला, जात राहिला आणि शेवटपर्यंत गेला.  

मग फिटरचं राज्य आलं. त्याने डब्या बसवल्या, पट्टे ओवले, खालचे नट घेतले, लांब दांड्याच्या पान्याने सगळं आवळलं. आबांनी प्रत्येक बोल्टवर स्वतः पाना लावून बघितला. फिटर म्हणाला, "आबा, माझ्यावर विश्वास नाही का?" आबा म्हणाले, "माझा माझ्यावरही नाही, एक शिवलेला पट्टा तुटलाय माझा." लेकीसमोर ते हे म्हणाले आणि म्हणून झाल्यावर हसले. ताईला एवढं मोकळं वाटलं की तिने मान फिरवून डोळे पुसले.

आबांनी उंबऱ्याला पाय लावला, नवा पट्टा दोन्ही हातांत घेतला आणि सगळं अंग मागे टाकून हिसका दिला. पट्टा जागच्या जागी अडकला. गाडी झुलली. पट्टा इंचभरही सुटला नाही. त्यांनी दुसरा ओढला. तोही नाही. मग दादाने ओढून बघितलं, वहिनीने ओढून बघितलं, भिंगरीने लोंबकळून बघितलं.

"आता एक चक्कर मारून या," फिटर म्हणाला. "मागे माणूस बसवून एकदा ब्रेक दाबून बघा. मोकळ्या रस्त्यावर, फार जोरात नको."

"मी बसते मागे," ताई म्हणाली.

आबांनी खिशातून किल्ली काढली. तळहातावर थोडा वेळ ठेवली. मग हात लेकीपुढे केला.

"तू चालव. मी मागे बसतो."

दादाचा आ वासला. "मला कधी दिली नाहीत किल्ली!"

"तू कधी मागितलीस?"

"रोज!"

"मग ऐकू आलं नसेल," आबा म्हणाले आणि मागचं दार उघडून आत बसले.

कारखान्यांच्या मागच्या रस्त्याला त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. ताईच्या हाताखाली स्टिअरिंग जड होतं, क्लच उंच लागत होता, आणि आरशात साबणाने पांढरे झालेले केस दिसत होते.  आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून आबा जन्मात पहिल्यांदा फिरत होते. त्यांना पुढच्या सीटांच्या पाठी दिसत होत्या, लेकीचा खांदा दिसत होता, गिअर बदलताना ती ओठ दुमडते ते आरशात दिसत होतं. लहानपणी चित्र रंगवतानाही ती असेच ओठ दुमडायची. समोर रस्ता बघत बसणाऱ्याला हे कुठून दिसणार, असं त्यांना वाटलं.

"ब्रेक मार," ते म्हणाले.

"मारू?"

"मार म्हणतो ना!"

ताईने मागे-पुढे बघितलं आणि पाय दाबला. टायर किंचाळले. गाडी नाक खाली घालून उभी राहिली. मागून एक हुंकार आला.

"आबा?" ताई गर्रकन वळली. "आबा, दुखलं का?"

आबा ताठ बसले होते. पट्टा खांद्यावरून छातीवर घट्ट ताणलेला, आणि त्यावर त्यांचा एक हात. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते.

"धरलं गं," ते म्हणाले. "मला धरून ठेवलं."

ताईला बोलायचं होतं, त्या हिवाळ्यातल्या हिसक्याबद्दल, चार माणसांसमोर जे म्हणाली त्याबद्दल. पण आबांनी हात हलवला. ते बोलणं आता कुणालाच नको होतं.

"वळव गाडी," ते म्हणाले. "उद्याही तूच चालव. तुझ्या आईला पुढे बसव, तिचं बोलणं थांबत नाही, तुला झोप लागायची नाही. मी इथेच बसणार, भिंगरीशेजारी."

"आणि शेवटची फेरी? तुम्ही चालवणार होता ना?"

"मरू दे ती! चल, पोरीला घेऊन एक चक्कर मारू."

ताईने गाडी वळवली आणि घराकडे घेतली.